मणक्याचं ऑपरेशन सांगितलंय? हो किंवा नाही म्हणायच्या आधी काय काय बघायचं

मी सांगली-मिरज भागात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणारे बरेच जण व्यायाम विचारायला येतच नाहीत, एमआरआयची ती मोठी पिशवी टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, मॅडम एक डॉक्टर म्हणाले लगेच करा, दुसरे म्हणाले थांबा, तिसऱ्यांनी चार स्क्रू टाकायला लागतील म्हणून सांगितलंय, आता आम्ही करायचं काय. ज्यांच्या मणक्याची झीज बरीच पुढे गेलीय, नस दबलीय, मणका थोडा पुढे सरकलाय किंवा नसांची नळी अरुंद झालीय असं रिपोर्टमध्ये आलंय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितेय. तपासणारे डॉक्टर तुमचेच, निर्णय तुमचा, पण त्यांच्या समोर बसायच्या आधी एवढी तयारी असली की तिथली दहा मिनिटं खरंच कामी येतात.

या सगळ्यात मी एकच गोष्ट धरून बसते, की हे ऑपरेशन नेमका कुठला त्रास कमी करण्यासाठी आहे हे पेशंटला स्वतःच्या शब्दात एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते वाक्य जमेपर्यंत तारीख घेऊ नका. अपवाद फक्त खालच्या पहिल्या पायरीतला.

आधी बघा, थांबायला वेळ आहे का

बहुतेकांना वेळ असतो, पण काहींना नसतो आणि ते ओळखता आलं पाहिजे.

लघवी अडकायला लागली किंवा कळल्याशिवाय होतेय, संडासावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झालाय, दोन्ही पायातली ताकद जातेय, यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी एमआरआय आणि स्पाइन सर्जन दोन्ही आहेत अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात, कमरेतल्या नसांचा पूर्ण जुडगाच दाबला जातो, आणि दाब काढायला जितका उशीर तितकी लघवी-संडासाची नस परत यायची शक्यता कमी होत जाते. सर्जन लोक साधारण पहिल्या 48 तासांचा हिशोब धरतात, त्यातही जितकं लवकर तितकं बरं. यात अडचण ही की लोक हे सांगत नाहीत. आजी सुनेला सांगायला लाजतात आणि आजोबांची लघवी अडकली की घरचे प्रोस्टेट म्हणून मोकळे होतात. पाठीचं दुखणं जुनं असेल तर घरात कोणीतरी हा प्रश्न थेट विचारायचाच.

दुसरं, पाऊल पडणं. चालताना चप्पल फरशीला घासते, टाचांवर उभं राहता येत नाही, पाऊल वर उचलत नाही, असं अचानक झालं तर आठवड्याभराने दाखवू असं नको, एक-दोन दिवसात सर्जनना दाखवा.

तिसरं मानेचं, आणि हे सगळ्यात जास्त सुटतं. मानेत मज्जारज्जू दाबला जात असेल तर मान दुखेलच असं नाही. ब्लाउजचं हूक लागत नाही, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, सही बदलली, भाकरी थापताना हात पूर्वीसारखा चालत नाही, अंधारात तोल जातो, चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं पुढे गेल्यावर कळतं, ही त्याची लक्षणं. असे पेशंट कंबरेचा एमआरआय घेऊन फिरत असतात आणि दुखणं असतं मानेत. याचा निर्णय कमरेपेक्षा वेगळा असतो, त्यावर खाली लिहिलंय.

आणि एक, ताप, वजन उतरणं, रात्री झोपल्यावर वाढणारं दुखणं, पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं. अशा वेळी ही नुसती झीज आहे असं धरून चालू नका. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो आणि तो बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो, पण ओळखला गेला तर. वय झालेल्या बाईंना एसटीत जोराचा हिसका बसला आणि तेव्हापासून पाठ धरली असेल तर ठिसूळ मणका चेपलेला असू शकतो, त्याची ट्रीटमेंट अजून वेगळी.

त्रास कागदावर लिहून काढा

एक पान घ्या. वर लिहा, एकूण दुखणं शंभर धरलं तर त्यात कंबर किती आणि पाय किती. हा साधा प्रश्न आहे पण अर्धा निर्णय इथेच होतो, कारण नसेवरचा दाब काढणारं ऑपरेशन पायाच्या दुखण्याला चांगलं लागू पडतं, नुसत्या कंबरदुखीला त्याची खात्री खूप कमी. पाय ऐंशी आणि कंबर वीस असेल तर सर्जनकडे द्यायला काहीतरी आहे. कंबर नव्वद आणि पाय दहा असेल तर मी दहा वेळा विचार करायला सांगते, मग एमआरआय कितीही वाईट दिसू दे.

मग लिहा, किती चालता येतं. मिनिटात लिहा किंवा घरापासून कुठपर्यंत ते लिहा, दूध डेअरीपर्यंत, मारुतीच्या देवळापर्यंत, जे असेल ते. चालल्यावर पाय भरून येतात, जड होतात, मुंग्या येतात आणि कट्ट्यावर दोन मिनिटं बसलं किंवा पुढे वाकलं की परत मोकळे होतात, ही नळी अरुंद झाल्याची खूण. आमच्याकडे कितीतरी काका सांगतात की चालवत नाही पण सायकल कितीही मारतो, किंवा नातवाची बाबागाडी ढकलत असेन तर लांब जाता येतं. बरोबरच आहे, पुढे वाकलं की नळीत जागा होते. याउलट चालल्यावर पोटऱ्या धरतात आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतात, बसावं लागत नाही, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात, विशेषतः शुगर असेल किंवा बिडी-सिगरेट असेल तर. ते मणक्याचं ऑपरेशन करून बरं होणार नाही.

शेवटी लिहा, तुम्हाला परत काय करता यायला हवंय. रानात जायचंय, दुकानात सहा तास उभं राहायचंय, रात्री सलग झोपायचंय, पंढरीला चालत जायचंय, का फक्त स्वतःचं स्वतः संडासला जाता यायला हवंय. हे पेशंटने स्वतः लिहायचं, मुलाने नाही. माझ्यासमोर कित्येकदा मुलगा बोलत असतो आणि आई नुसती मान हलवते, मग मी मुलाला पाच मिनिटं बाहेर बसवते. त्या पाच मिनिटात जे कळतं ते फाइलमध्ये कुठेच नसतं.

एमआरआय आणि त्रास जुळतो का ते विचारा

रिपोर्ट वाचून घाबरू नका, हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. 2015 मध्ये एक मोठा आढावा आला होता, पाठ अजिबात दुखत नसलेल्या 3110 लोकांच्या स्कॅनचा. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गादीत, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीत, झीज दिसली आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या. गादी फुगलेली विशीत 30 टक्के, ऐंशीत 84 टक्के. म्हणजे पासष्टाव्या वर्षी चार ठिकाणी गादी झिजलीय असं लिहून येणं हे वयाचंच आहे, त्यातली कुठली जागा तुमचा पाय दुखवतेय हे शोधायचं काम डॉक्टरांचं, आणि ते हाताने तपासल्याशिवाय होत नाही. पायाची ताकद, बधिरपणा कुठे आहे, छोट्या हातोडीने ठोकून बघतात ते रिफ्लेक्स, पाय सरळ उचलून बघणं. फक्त फिल्म उजेडात धरून ऑपरेशन सांगितलं असेल तर मी दुसरीकडे दाखवायला सांगेन, कितीही मोठं नाव असलं तरी.

एमआरआय झोपून काढतात. मणका सरकलेला असेल तर उभं राहून काढलेला साधा एक्सरे, पुढे वाकून आणि मागे वाकून, हा खूप स्वस्तात खूप काही सांगतो, कारण मणका हलतोय की आहे तिथेच घट्ट बसलाय यावर स्क्रू लागणार की नाही ते बऱ्यापैकी ठरतं. तो झालाय का बघा.

मणक्यासारखं दिसणारं दुसरं काही नाही ना, हेही एकदा बघून घ्यावं. खुब्याचा सांधा झिजला तरी जांघेत आणि मांडीत दुखतं. बी-12 कमी असेल तरी पायाला मुंग्या येतात आणि तोल जातो, शाकाहारी घरात हे नेहमीचं आहे. शुगरवाल्यांचे तळपाय जळतात ते बऱ्याचदा शुगरने. या सगळ्या तपासण्या ऑपरेशनच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

ऑपरेशनशिवायचे उपाय, आणि त्यांची खरी ताकद

माझं पोट व्यायामावर चालतं, तरीही खरं तेच सांगते. पिट्सबर्गच्या लोकांनी 2015 मध्ये एक अभ्यास छापला, नळी अरुंद झालेले 169 पेशंट, सगळे ऑपरेशनला तयार असलेले, त्यातल्या निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना नीट देखरेखीखाली फिजिओथेरपी असं वाटून दिलं. दोन वर्षांनी दोन्ही गटात फारसा फरक नव्हता. हे ऐकून आम्ही फिजिओ खूश होतो, पण त्याच अभ्यासात फिजिओथेरपी दिलेल्यांपैकी 57 टक्के लोकांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे व्यायामाने बऱ्याच जणांचं भागतं आणि बऱ्याच जणांचं भागत नाही, आणि दोन्ही प्रकारची माणसं मी रोज बघते.

व्यायाम म्हणजे काय तर यूट्यूब बघून केलेलं भुजंगासन नव्हे. नळी अरुंद असलेल्यांना मागे वाकायचे व्यायाम उलट त्रास देतात. त्यांना पुढे वाकून करायचे, गुडघे छातीशी घ्यायचे, पोटाच्या आणि खुब्याच्या स्नायूंचे, स्थिर सायकल, थांबत थांबत चालणं असं लागतं. गादी सरकलेल्या तरुण माणसाचं नेमकं उलट असू शकतं. म्हणून एकदा तपासून, शिकून घ्या, आणि मग सहा ते बारा आठवडे मनापासून करा. चार दिवस शेक आणि मशीन लावून "फिजिओथेरपी करून झाली" असं धरू नका. वजन लावून कंबर ओढणं (ट्रॅक्शन), पट्टा, मशीनचा शेक याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, अडलेली नळी त्याने मोकळी होत नाही. पट्टा महिनोन्महिने लावून बसलं तर स्नायू अजून ढिले पडतात.

गादी सरकून पाय दुखणाऱ्यांसाठी चांगली बातमी ही की बहुतेकांचं पहिल्या सहा ते बारा आठवड्यात आपोआप बरंच कमी होतं, गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं. म्हणून ताकद जात नसेल आणि दुखणं सोसता येत असेल तर तिथे घाई नको. झीज होऊन नळी अरुंद झालेल्यांचं असं आपोआप मोकळं होत नाही, पण ते दर वर्षी वाईटच होत जातं असंही नाही, खूप जण वर्षानुवर्षं आहे तसेच राहतात.

गोळ्यांचं थोडक्यात. डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब या दुखणं कमी करायच्या गोळ्या काही दिवसांसाठी ठीक, पण महिनोन्महिने मेडिकलमधून स्वतःच आणून खाल्ल्या तर किडनी, पोट आणि बीपी तिघांवर येतं. प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिनने काहींच्या मुंग्या-जळजळ कमी होते, पण गुंगी येते, पायावर सूज येते, आणि वय झालेला माणूस रात्री बाथरूमला उठून पडला तर नवीनच संकट. गावोगावी मिळणाऱ्या पुड्या आणि बिननावाच्या गोळ्या मात्र बंद करा, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, म्हणूनच तर दोन दिवसात जादू होते, आणि त्यानेच शुगर वाढते, हाडं पोखरतात. मणका "बसवून" देणाऱ्याकडे ज्यांची नस दबलीय अशांनी तर जाऊच नये, मानेचं दुखणं असेल तर अजिबातच नाही.

मणक्यातल्या इंजेक्शनबद्दल खूप विचारतात. सरकलेल्या गादीमुळे पाय दुखत असेल तर काही आठवडे आराम मिळू शकतो आणि त्या वेळात व्यायाम सुरू करता येतो, हा त्याचा खरा उपयोग. नळी अरुंद असलेल्यांमध्ये 2014 चा अमेरिकेतला 400 पेशंटचा अभ्यास आहे, नुसतं भुलीचं औषध आणि भुलीचं औषध अधिक स्टेरॉइड यात सहा आठवड्यांनी फरक जवळजवळ नव्हता. म्हणून पॅकेजमध्ये तीन इंजेक्शनं घ्याच असं कोणी सांगितलं तर का, ते विचारा. शुगरवाल्यांची साखर नंतर काही दिवस वाढते, रोज तपासा. इंजेक्शनचा एक उपयोग मात्र मला आवडतो, नेमक्या एका नसेजवळ दिलं आणि तेवढ्यापुरतं दुखणं गेलं, तर त्रास तिथूनच येतोय हे कळतं.

ऑपरेशन म्हणजे नक्की कुठलं

"मणक्याचं ऑपरेशन" असं एक काही नसतं, आणि शेजारच्या काकूंचं कसं झालं यावरून तुमचं ठरवता येत नाही, कारण त्यांचं वेगळंच केलेलं असू शकतं.

सगळ्यात छोटं म्हणजे सरकलेल्या गादीचा तुकडा काढणं. त्यानंतर डिकंप्रेशन, म्हणजे नळीवरचं जाड झालेलं हाड आणि लिगामेंट काढून नसांना जागा करून देणं. त्याहून मोठं फ्यूजन, दोन मणक्यांत स्क्रू, सळ्या आणि पिंजरा (गादीच्या जागी बसवायचा छोटा ठोकळा, केज) बसवून ते कायमचे जोडून टाकणं. आणि सगळ्यात मोठं, पाठ वाकडी झालेल्यांमध्ये पाच-सात-दहा मणके जोडणं, जे कितीतरी तासांचं असतं आणि ज्यात गुंतागुंतीचं प्रमाणही बरंच जास्त असतं. दुर्बिणीतून, लेझरने, रोबोटने हे सगळं कसं करायचं याचे प्रकार आहेत. छोटी जखम चांगलीच, पण जखम छोटी आहे म्हणून नको असलेलं ऑपरेशन हवंसं होत नाही, जाहिरात बघताना हे डोक्यात ठेवा.

खरा प्रश्न बहुतेकांपुढे असतो तो डिकंप्रेशन पुरेल का स्क्रूही लागतील. यावर 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन अभ्यास एकदमच आले. स्वीडनचा 247 पेशंटचा, 50 ते 80 वयाचे, त्यात मणका सरकलेले आणि न सरकलेले दोन्ही होते, आणि दोन वर्षांनी स्क्रू टाकलेल्यांना काही जास्त फायदा झाला नव्हता, उलट ऑपरेशन लांबलं, रक्त जास्त गेलं, खर्च वाढला. अमेरिकेचा अभ्यास 66 जणांचा, सगळ्यांचा मणका सरकलेला, त्यात स्क्रूवाल्यांना थोडा जास्त फायदा दिसला आणि परत ऑपरेशन करायची वेळ कमी जणांवर आली. मग 2021 मध्ये नॉर्वेने मणका सरकलेल्या 267 जणांवर बघितलं, तिथे नुसतं डिकंप्रेशन स्क्रूइतकंच चांगलं ठरलं. माझं यावरून मत असं, की मणका सरकलेला आहे एवढ्यावरून स्क्रू टाकायलाच हवेत असं नाही. वाकून काढलेल्या एक्सरेत तो खूप हलत असेल, वाकडेपणा असेल, दाब काढताना इतकं हाड काढावं लागणार असेल की मणका ढिला होईल, किंवा नस बाजूच्या छिद्रात अशी अडकली असेल की उंची वाढवल्याशिवाय सुटणार नाही, तर स्क्रूला कारण आहे. हे कारण सर्जनना विचारा, चांगले सर्जन फिल्मवर बोट ठेवून दाखवतात.

भीतीबद्दलही बोलू, कारण "मणक्याला हात लावला की माणूस लुळा होतो" हे घराघरात ऐकू येतं. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली सुट्या नसा असतात. म्हणून कमरेच्या खालच्या भागातल्या ऑपरेशनमध्ये दोन्ही पाय जाणं फारच दुर्मीळ. पण धोके नाहीत असं कोणी म्हणत असेल तर तेही खोटं. नसांवरचं आवरण फाटून पाणी गळणं, जंतुसंसर्ग, एखाद्या नसेला इजा, पायात रक्ताची गुठळी, स्क्रू ढिला होणं, हाड न जुळणं, आणि काही वर्षांनी जोडलेल्या मणक्याच्या वरच्या-खालच्या जागेवर ताण येऊन तिथे त्रास सुरू होणं. काही जणांना परत ऑपरेशन लागतं. आणि बधिरपणा. दुखणं लवकर जातं, बधिरपणा सगळ्यात शेवटी आणि कधीकधी अर्धाच जातो, नस किती दिवस दबलेली होती त्यावर ते आहे.

मानेचं वेगळं. मज्जारज्जू दाबला जात असेल आणि हातापायावर परिणाम मध्यम किंवा जास्त दिसत असेल, तर 2017 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही ऑपरेशनच सुचवतात, अगदी सौम्य असेल तर देखरेखीखाली थांबता येतं. तिथे ऑपरेशनचा मुख्य हेतू आहे ते वाचवणं, गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. म्हणून कंबरेला मी जितकं थांबा म्हणते तितकं मानेला म्हणत नाही. हाताची बोटं हळूहळू निकामी होत असताना दोन वर्षं तेल लावत बसलेली माणसं बघितली की फार वाईट वाटतं.

तुमचं शरीर तयार आहे का

हाडं ठिसूळ असतील तर स्क्रू धरत नाहीत. पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी आणि स्टेरॉइड घेतलेल्या कोणीही फ्यूजनच्या आधी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यावा, त्यातला टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर आधी हाडांची ट्रीटमेंट, काही सर्जन हाड वाढवणारी इंजेक्शनं काही महिने देऊन मगच हात लावतात. व्हिटॅमिन डी बघा. तीन महिन्यांची साखर (एचबीए1सी) बहुतेक सर्जन 7.5-8 च्या खाली मागतात, नाहीतर जखम चिघळते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी बंद करायच्या ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या मनाने नाही.

तंबाखू. सिगरेट सोडली म्हणतात आणि मिसरी चालू असते, ती कोणी मोजतच नाही. निकोटिन कुठूनही आलं तरी हाड जुळायला अडथळा करतं. किमान महिना-दीड महिना आधी पूर्ण बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच. आजींना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा, आणि सर्जनपासून लपवू नका.

नुसतं वय हे नाही म्हणायचं कारण नाही. पंच्याहत्तरीतली धडधाकट बाई छोटं डिकंप्रेशन चांगलं सोसते, पंचावन्नचा शुगर-बीपी-तंबाखूवाला माणूस मोठं फ्यूजन सोसेलच असं नाही.

सर्जनसमोर विचारायचं

मणक्याचं काम ऑर्थोपेडिक स्पाइन सर्जनही करतात आणि न्यूरोसर्जनही, दोघांपैकी कोणीही चालतं, रोज मणक्याचंच काम करणारे असले म्हणजे झालं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या. हे माझा पाय बरा करायला आहे, कंबर, का जाणारी ताकद वाचवायला? कुठली जागा, आणि तीच कशावरून? स्क्रू लागणार असतील तर का, नुसतं डिकंप्रेशन केलं तर काय होईल? सहा महिने नाही केलं तर काय बिघडेल आणि काय बिघडणार नाही? माझ्यासारखे पेशंट तुमच्याकडे वर्षभराने कसे असतात? शेवटच्या दोन प्रश्नांवर जे सर्जन शांतपणे बोलतात त्यांच्यावर माझा विश्वास बसतो.

दुसरं मत घ्यायला संकोच नको. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते दुसऱ्यांना आधीच सांगू नका, फाइल आणि तुमचं ते एक पान द्या आणि ऐका. मुंबईत केईएम, सायन, जेजे, पुण्यात ससून अशा ठिकाणी केस पेपर काढून दाखवता येतं, रांग मोठी असते, पण तिथे ऑपरेशन वाढवून कोणाचा फायदा होत नाही. दोन मतं जुळली तर बरं, नाही जुळली तर तिसरं घ्या आणि तिथे थांबा, सात डॉक्टर झाले की कोणाचंच काही आठवत नाही.

पैसे

लेखी एस्टिमेट मागा, त्यात स्क्रू-पिंजऱ्याचा खर्च वेगळा दाखवायला सांगा, कारण बिल तिथेच वाढतं. मेडिक्लेममध्ये मणक्याच्या आजारांना बऱ्याचदा वेटिंग पिरियड असतो, 2024 च्या नियमांनुसार तो तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तुमच्या पॉलिसीत किती आहे ते ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी वाचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कव्हर आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे, पण तुमचं ऑपरेशन त्यांच्या यादीत आहे का आणि ते हॉस्पिटल योजनेत आहे का हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. सत्तर वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान कार्ड मिळतं, आजी-आजोबांचं काढून ठेवा. आणि धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, तिथल्या समाजसेवकांना भेटा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर न्या. जमीन गहाण टाकायच्या आधी हे सगळे दरवाजे वाजवून बघा, प्लीज.

करायचं ठरलं तर घरी

कमोडची सोय आधी करा, भारतीय संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते. पलंग लावा, काही आठवडे जमिनीवर बसणं-झोपणं नसतं. रोजच्या वस्तू कंबरेच्या उंचीवर आणून ठेवा. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभं करून चालवतात, घाबरू नका, चालणं हाच पहिला व्यायाम. फ्यूजनचं हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोपर्यंत वाकून वजन उचलणं नाही. जखमेतून पाणी, ताप, पोटरी सुजून दुखणं, नवीन कमजोरी, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी फोन करा.

थांबायचं ठरलं तर

थांबणं हाही पूर्ण निर्णय आहे, पण तारीख घालून थांबा. तीन महिन्यांनंतरची एक तारीख कॅलेंडरवर लिहा, तोपर्यंत व्यायाम, साखर, वजन, तंबाखू यावर काम करा. दर रविवारी तीन गोष्टी वहीत लिहा, न थांबता किती मिनिटं चाललात, रात्री दुखण्याने किती वेळा उठलात, आणि टाचांवर दहा पावलं व चवड्यांवर दहा पावलं चालता आलं का, भिंतीचा आधार घेऊन केलं तरी चालेल. मान दाबलेली असेल तर त्यात बटणं लावायला लागणारा वेळही लिहा. तीन महिन्यांनी वही घेऊन त्याच सर्जनकडे जा, आकडे सुधारत असतील तर पुढची तारीख, तिथेच अडकले असतील आणि तुम्ही पानावर लिहिलेलं काम होतच नसेल तर ऑपरेशनबद्दल परत नीट बोलायची ती वेळ. आणि टाचांवर चालणं एखाद्या रविवारी अचानक जमेनासं झालं, तर तीन महिने पुरे व्हायची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी दाखवा.